प्रोग्राम लिहायला शिकवता, बदलायला कधी शिकवणार? अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या संगणकशास्त्र व संगणक अभियांत्रिकी अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,

स.न.वि.वि.

रात्री सव्वादोनला फोन वाजला. एका साखर कारखान्याचा काटा क्लार्क बोलत होता. पावती छापून येत होती. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, ट्रॅक्टरचा नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, सगळं जागच्या जागी. निव्वळ वजनाचा रकाना तेवढा कोरा. हंगाम ऐन भरात होता, रांग गेटच्या बाहेर गेली होती. त्या बिचाऱ्याने भरलेल्यातून रिकामं वजा करून बॉलपेनने आकडा लिहायला घेतला, तसा रांगेतून पहिला आवाज आला, "हाताने का लिहिताय?" काटामारीचा संशय किती पटकन उभा राहतो आणि का, हे ऊसपट्ट्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

चूक कारखान्याची नव्हती, क्लार्कची नव्हती, प्रिंटरचीही नव्हती. माझी होती. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पावत्या छापणाऱ्या, पायथन भाषेतल्या प्रोग्राममध्ये मी पावतीच्या क्लासमधल्या एका प्रॉपर्टीचं, म्हणजे माहितीच्या एका रकान्याचं, नाव बदललं होतं. नाव होतं 'नेट'. त्याच प्रोग्राममध्ये काट्याच्या यंत्राशी जोडणी करणाऱ्या भागातही कुणीतरी 'नेट' हेच नाव नेटवर्क या अर्थाने वापरलं होतं. दर वेळी वाचताना डोकं अडखळायचं, म्हणून मी ते 'नेट-वेट' करायचं ठरवलं. एडिटरमध्ये त्या नावावर कर्सर ठेवला, एफ-२ ही नाव सगळीकडे बदलणारी कळ दाबली, नवं नाव दिलं. ३८ जागा एका फटक्यात बदलल्या. नेटवर्कवाल्या 'नेट'ला टूलने हातही लावला नाही. मी खूश. प्रोग्राम चालवून पाहिला, चालला. पाठवून दिला.

३९वी जागा कोडमध्ये नव्हतीच. पावतीवर कोणता रकाना कुठे छापायचा याचा साचा डेटाबेसमधल्या एका टेबलात होता, आणि तिथे 'नेट' ही तीन-चार अक्षरांची साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, होती. प्रोग्राम ती स्ट्रिंग वाचायचा आणि गेटअ‍ॅट्र या फंक्शनला द्यायचा: या पावतीकडे या नावाचं जे काही असेल ते दे, आणि नसेल तर कोरी जागा दे. ते 'नसेल तर' आम्हीच कधीतरी घाईत लिहिलेलं. त्यामुळे एररसुद्धा आली नाही. पायथनने तक्रार केली नाही, कारण तक्रार करायची नाही असं आम्हीच त्याला सांगून ठेवलं होतं.

हे सगळं तुम्हाला कशासाठी सांगतोय? मी गेली चौदा वर्षं पायथनवर पोट भरतो. त्यातली बरीच वर्षं नव्याने नोकरीला येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. माझा एक ठरलेला प्रश्न असतो: तुम्ही न लिहिलेल्या, हजार-दीड हजार ओळींच्या प्रोग्राममधल्या एका फंक्शनचं नाव बदलायचंय, काय कराल? बहुतेक जण सांगतात, कंट्रोल-एच. फाइंड अँड रिप्लेस. थोडे जण एफ-२ सांगतात. 'आधी टेस्ट आहेत का ते बघेन' (टेस्ट म्हणजे प्रोग्राम बरोबर वागतो का हे तपासणारा छोटा प्रोग्राम) म्हणणारा भेटला की मला त्याला तिथेच चहा पाजावासा वाटतो. आणि 'टूलने कुठे कुठे बदललं, कुठे नाही बदललं ते बघेन' हे उत्तर देणारी मुलगी मला एकदाच भेटली. तिने ते कॉलेजात शिकलं नव्हतं. काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळताना तिला ते कळलं होतं.

मुलांचा दोष नाही. आपल्याकडे प्रॅक्टिकलचा अर्थच असा की कोऱ्या फाइलवर प्रोग्राम लिहायचा, आउटपुट दाखवायचं, प्रिंट काढून जर्नलला चिकटवायची, सही घ्यायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा कोरी फाइल. चार वर्षांत विद्यार्थी शे-दीडशे प्रोग्राम लिहितो आणि त्यातला एकही तो दुसऱ्यांदा उघडत नाही. नोकरीत नेमकं उलटं असतं. कोरी फाइल क्वचित मिळते. समोर असतं ते आधीच्या तीन माणसांनी लिहिलेलं, त्यातले दोघं सोडून गेलेले, आणि साहेब म्हणतात, एवढं जरा बदलून दे.

चालू असलेल्या प्रोग्रामचं वागणं तसंच ठेवून त्याची आतली रचना बदलायची, याला रीफॅक्टरिंग म्हणतात. हे आपण जाणताच. अनेक विद्यापीठांच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात त्यावर पाच मार्कांची टीप लिहायला येतेही. माझं म्हणणं त्या टिपेबद्दल नाही. माझं म्हणणं आहे ते पायथनसारख्या डायनॅमिक भाषेत (जिथे माहितीचा प्रकार, म्हणजे टाइप, आधी जाहीर करावा लागत नाही) रीफॅक्टरिंगचं टूल नेमकं काय करतं, कुठे खात्रीने करतं आणि कुठे अंदाजाने, हे लॅबमध्ये हाताने करून कधीच दाखवलं जात नाही, याबद्दल.

पुष्कळ प्राध्यापकांशी बोललो. एक समज हमखास ऐकायला मिळतो: रीफॅक्टरिंगची टूलं ही जावाची मक्तेदारी, डायनॅमिक भाषांना ती नीट जमत नाहीत, म्हणून शिकवत नाही. इतिहास याच्या बरोबर उलटा आहे. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रीफॅक्टरिंगवर पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्यांचे मार्गदर्शक राल्फ जॉन्सन. याच गटातल्या जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स या दोघांनी मग रीफॅक्टरिंग ब्राउझर नावाचं टूल बनवलं, ज्यावर १९९७ साली शोधनिबंध आला. रोजच्या वापरात रुळलेलं हे पहिलं रीफॅक्टरिंग टूल, आणि ते जावासाठी नव्हतं. स्मॉलटॉकसाठी होतं. स्मॉलटॉक म्हणजे झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात जन्मलेली भाषा. पूर्णपणे डायनॅमिक, टाइप जाहीर करण्याची भानगडच नाही. म्हणजे ज्या भाषेत हे जमत नाही असं आपण मानतो, तिथेच ते आधी जमलं.

त्या टूलची एक गोष्ट तर प्रत्येक लॅब इन्चार्जने भिंतीवर लावावी अशी आहे. त्याची पहिली आवृत्ती स्वतंत्र प्रोग्राम म्हणून बनवलेली होती. कोड एका खिडकीत लिहायचा, रीफॅक्टरिंग करायला दुसऱ्या प्रोग्रामात जायचं. ती कुणी फारशी वापरली नाही. बनवणाऱ्यांनीसुद्धा नाही. मग त्यांनी तेच काम कोड वाचायच्या-लिहायच्या ब्राउझरच्या आत नेलं आणि लोक वापरायला लागले. उठून दुसऱ्या खोलीत जाऊन जी वस्तू आणावी लागते, ती माणूस वापरत नाही, स्वयंपाकघरातही हेच.

आणि त्यात एक युक्ती होती, जी मला अजूनही थक्क करते. टाइप माहीत नसताना मेथडचं, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनचं, नाव बदलायचं कसं? हाक मारणारा नेमका कुणाला हाक मारतोय हे प्रोग्राम न चालवता कळतच नाही. एकाच नावाच्या मेथड चार वेगवेगळ्या क्लासमध्ये असू शकतात, जशा आपल्या गल्लीत चार सचिन असतात. ब्रँट आणि रॉबर्ट्स यांनी असं केलं: मेथडला नवं नाव द्यायचं, पण जुन्या नावावर एक पहारेकरी बसवून ठेवायचा. मग प्रोग्राम चालवायचा. कुणी जुन्या नावाने हाक मारली की पहारेकरी बघतो, हाक कुठून आली. त्या ठिकाणचा सोर्स कोडच बदलून नवं नाव लिहितो, आणि काम नव्या मेथडकडे पाठवतो. प्रोग्राम जसजसा चालेल तसतसं रीनेम पूर्ण होत जातं. लग्नानंतर नाव बदललं, गॅझेटमध्ये छापून आलं, तरी जुन्या नावाने पत्रं येतच राहतात; पण पोस्टमन ओळखीचा असेल तर तो पत्र पोहोचवतोही आणि पाठवणाऱ्याला सांगतोही, बाई आता या नावाने राहतात.

याची मर्यादा त्यांनी लपवली नाही. प्रोग्रामचा जो भाग चालणारच नाही, तिथली जुनी हाक पकडली जाणार नाही. म्हणजे टूल तितकंच चांगलं, जितक्या तुमच्या टेस्ट चांगल्या. डायनॅमिक भाषेतली रीफॅक्टरिंगची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे असं मला वाटतं, आणि ती १९९७ पासून उघड आहे.

पायथनकडे येऊ. इथेही टूलं आजची नाहीत. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला 'बायसिकल रिपेअर मॅन' नावाचं एक छोटं टूल होतं. नाव ऐकून विद्यार्थी हसतात, पण ते पायथन कोडमध्ये रीनेम करायचं. त्यानंतर 'रोप' आलं, जे आजही मोफत मिळतं आणि अनेक एडिटरच्या पोटात बसलेलं असतं. रोप कोडचा नुसता मजकूर बघत नाही. कोणतं नाव कुठे बांधलं गेलंय याचा माग काढतं, जमेल तिथे टाइपचा अंदाज बांधतं. इतकंच नाही, प्रोग्राम चालवून फंक्शनला प्रत्यक्षात काय काय दिलं जातं याची नोंद ठेवायची सोयही त्यात आहे. इलिनॉयच्या त्या पहारेकऱ्याचा हा दूरचा नातलगच म्हणायचा.

पण रोपमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. रीनेम करताना त्याला एक पर्याय देता येतो, ज्याचं नावच मुळी 'अनशुअर' असं आहे. खात्री नाही. म्हणजे टूल प्रामाणिकपणे तीन ढीग करतं: ही जागा नक्की तीच, ही नक्की ती नाही, आणि ही सांगता येत नाही. तिसऱ्या ढिगाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पायचार्मसारख्या मोठ्या आयडीईमध्येही (आयडीई म्हणजे सगळ्या सोयींचा एडिटर) बदल करण्याआधी यादी दाखवायची सोय आहे, आणि स्ट्रिंगमध्ये व कॉमेंटमध्ये शोधायचं का हे ती विचारते. त्या यादीत वरवर नजर टाकून 'ओके' दाबणारे आपण सगळे. मी तर त्या दुपारी यादी उघडलीही नव्हती.

जावास्क्रिप्टच्या बाबतीत डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हीच गोष्ट पुढे नेली. त्यांचा मार्ग असा की संपूर्ण खात्रीचा हट्ट सोडून द्यायचा. एकमेकांशी नक्की संबंध असलेल्या जागांचे गट करायचे आणि प्रत्येक जागेबद्दल विचारण्याऐवजी प्रत्येक गटाबद्दल प्रोग्रामरला एकदाच विचारायचं. टूलने विचारायचं, माणसाने उत्तर द्यायचं. आता हे उत्तर देण्यासाठी माणसाला काय यायला हवं? कोड वाचता यायला हवा. नेमकं तेच आपण शिकवत नाही.

इथे जरा थांबून एक उदाहरण देतो, जे मराठी मुलांना चटकन कळतं. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना मी मुद्दाम तशी ठेवतो. समजा एका प्रोग्राममध्ये 'कर' हे एक व्हेरिएबल आहे, टॅक्स या अर्थाने, आणि 'करार' हे दुसरं. 'कर' बदलून 'करदर' करायचंय. हुशार विद्यार्थी म्हणतो, साधं फाइंड-रिप्लेस नको, पूर्ण शब्द जुळला तरच बदलू, आणि पायथनचं रेगेक्स (मजकुरात नमुना शोधायची सोय) वापरून पाच ओळींची स्क्रिप्ट लिहितो. चालवतो. 'करार'चं 'करदरार' झालेलं असतं.

का? पायथनचं रेगेक्स काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दातलं अक्षर मानत नाही. 'करार' वाचताना 'कर' झालं, पुढे काना आला, की त्याच्या लेखी शब्द संपला. गंमत अशी की खुद्द पायथनचा पार्सर, म्हणजे कोड वाचून समजून घेणारा भाग, मात्र 'करार' हे एकच अखंड नाव म्हणून स्वीकारतो. एकाच भाषेच्या घरात दोन मतं. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे सगळीकडे एकसारखंच बिघडल्यामुळे प्रोग्राम चालूही राहतो! 'करदरार' हेही एक वैध नाव आहे. चूक उघडी पडते ती सहा महिन्यांनी, कुणीतरी बाहेरच्या फाइलमधून 'करार' वाचायला जातो तेव्हा. मजकूर वेगळा आणि प्रोग्राम वेगळा, ही गोष्ट समजावायला मला आजवर याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

ज्युपिटर नोटबुकचंही तसंच; त्यात कोड तुकड्यातुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, लिहून चालवतात. डेटा सायन्सच्या नावाखाली आता ते प्रत्येक लॅबमध्ये पोहोचलंय. एका सेलमध्ये नाव बदललं तरी जुनं नाव कर्नलच्या, म्हणजे मागे चालू असलेल्या पायथनच्या, मेमरीत जिवंतच असतं. खालचे सेल जुन्या नावावर बिनदिक्कत चालतात. विद्यार्थी आउटपुट दाखवतो, सर सही करतात, दुसऱ्या दिवशी कर्नल नव्याने सुरू केला की सगळं कोसळतं. मग 'काल चालत होतं सर' हे अमर वाक्य.

टाइपबद्दल दोन शब्द. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या पायथन ३.५ पासून फंक्शनला कोणत्या प्रकारचं मूल्य येणार हे लिहून ठेवायची प्रमाण पद्धत आहे. युक्का लेहतोसालो यांचं मायपाय हे टूल त्याआधीपासून होतं आणि या पद्धतीवर त्याचा मोठा प्रभाव पडला. तो प्रस्ताव मांडणाऱ्यांनी त्यातच स्पष्ट लिहिलं की पायथन डायनॅमिकच राहील, टाइप लिहिण्याची सक्ती करायची आपली कधीच इच्छा नाही. म्हणजे हा ऐच्छिक विषय आहे. पण तो घेतला तर टूलच्या 'खात्री नाही' या ढिगाचा आकार झपाट्याने उतरतो. 'ही पावती, पावती या क्लासचीच आहे' एवढं लिहून ठेवलं की एडिटरला अंदाज बांधावा लागत नाही. कोणी म्हणेल, मग माझी ३९वी जागा सापडली असती का? नसती. डेटाबेसमधली स्ट्रिंग कोणत्याही टाइपच्या कक्षेत येत नाही. टाइपने ढीग लहान होतो, संपत नाही. विद्यार्थ्याला दोन्ही गोष्टी एकाच तासात बघायला मिळाल्या पाहिजेत, नाहीतर एक तर तो टाइपला देव मानतो किंवा कटकट.

मग माझी जागा कशाने सापडली असती? त्या जुन्या पहारेकऱ्याने. 'नेट' हे नाव लगेच पुसून टाकायच्या ऐवजी मी ते एक हंगाम तसंच ठेवायला हवं होतं, आत एक वॉर्निंग लिहून: मला जुन्या नावाने कुणीतरी हाक मारली, आणि ती इथून आली. पावती बरोबर छापली गेली असती आणि सकाळी लॉग बघताना मला कळलं असतं. पाच ओळींचं काम. हल्ली, २०२४ साली आलेल्या पायथन ३.१३ मध्ये तर यासाठी प्रमाण लायब्ररीतच तयार डेकोरेटर, म्हणजे फंक्शनच्या डोक्यावर लावायची खूण, आहे. मी चौदा वर्षांचा अनुभवी, आणि हे मला सुचलं ते रात्री तीन वाजता, क्लार्कची क्षमा मागून झाल्यावर.

आता मागणी.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला नवा युनिट वाढवा असं मी म्हणत नाही. युनिट वाढला की गाइडवाले दोन पानं वाढवतील आणि मुलं ती पाठ करतील. मागणी एका प्रॅक्टिकलची आहे, तीन आठवडे चालणाऱ्या. विद्यार्थ्याला कोरी फाइल द्यायची नाही. आधीच्या बॅचने लिहिलेला, हजार-दीड हजार ओळींचा, टेस्ट नसलेला, चालू प्रोग्राम द्यायचा. पहिल्या आठवड्यात त्याने एक अक्षरही बदलायचं नाही. प्रोग्राम आज जसा वागतो तसाच वागतो हे तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या. चुकीचं वागत असेल तर ते चुकीचं वागणंही टेस्टमध्ये नोंदवायचं. हा भाग मुलांना सगळ्यात जड जातो, कारण त्यांचा हात लगेच दुरुस्तीकडे जातो. दुसऱ्या आठवड्यात टूल वापरून ठरावीक चार बदल करायचे: एका मेथडचं रीनेम, एका लांबलचक फंक्शनमधून छोटं फंक्शन बाहेर काढणं, एक फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये हलवणं, एक पॅरामीटर वाढवणं. तिसऱ्या आठवड्यात टाइप लिहून तेच रीनेम मूळ प्रतीवर पुन्हा करायचं आणि दोन्ही वेळच्या यादीतला फरक बघायचा.

आणि जर्नलला प्रोग्रामची प्रिंट लावायची नाही. फरकाची लावायची: काय गेलं, काय आलं. त्याखाली विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं की टूलने कोणती जागा सोडली आणि ती त्याला कशी सापडली. मार्क या परिच्छेदाला. टूलने सगळं बरोबर केलं असं लिहिणाऱ्याला व्हायवात दोन प्रश्न जास्त विचारा.

याला काय उत्तरं येतील ते मला ठाऊक आहे, कारण आलेली आहेत.

तास नाहीत. आहेत. ताऱ्यांचे त्रिकोण, उलटे त्रिकोण आणि हिऱ्यांचे आकार छापण्यात किती प्रॅक्टिकल जातात ते मोजा. आर्मस्ट्राँग नंबर मला चौदा वर्षांत एकदाही लागलेला नाही, आणि लागला असता तर मी शोधून काढला असता.

मशीन जुनी आहेत. हे खरं आहे आणि मी हसण्यावारी नेणार नाही. चार जीबी रॅमच्या मशीनवर मोठी आयडीई रांगते. पण त्यासाठी मोठी आयडीई लागत नाही. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, तेव्हापासून भाषेची समज असलेला भाग एडिटरपासून वेगळा झालाय. आधी प्रत्येक एडिटरने प्रत्येक भाषेसाठी वेगळी खटपट करायची, आता हलक्यातला हलका एडिटरही त्याच सर्व्हरला रीनेमबद्दल विचारू शकतो. रोप त्याहून हलकं, निव्वळ पायथनमध्ये लिहिलेलं. पेन ड्राइव्हवर नेता येतं, परीक्षेच्या लॅबमध्ये इंटरनेट बंद असलं तरी चालतं. पायथनबरोबर फुकट येणारं आयडल मात्र या कामासाठी पुरेसं नाही. त्यात शोधा-बदला आहे, रीनेम नाही. आपल्या कितीतरी लॅब आयडलवरच थांबल्यात. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर आपण वीस-पंचवीस वर्षं थांबलो होतो, त्याची आठवण होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या अभियांत्रिकीला पायथन आणला तेव्हा माझ्यासारख्यांना आनंद झाला होता. भाषा बदलली. कोऱ्या फाइलची सवय तशीच राहिली.

एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, मग पायथन काढून जावाच ठेवू, तिथे टूलला खात्री असते. तिथेही रिफ्लेक्शन (प्रोग्राम चालताना नावावरून क्लास किंवा मेथड शोधायची सोय) आहे, तिथेही क्लासची नावं कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये स्ट्रिंग म्हणून बसलेली असतात. ढीग लहान असतो, एवढंच. मार्टिन फाउलर यांच्या रीफॅक्टरिंगवरच्या १९९९च्या पुस्तकात उदाहरणं जावाची होती, २०१८च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ती जावास्क्रिप्टची केली. डायनॅमिक भाषेत हे करायचं नसतं असं त्या क्षेत्रातल्या जाणत्या माणसालाही वाटत नाही.

आणि सगळ्यात नवं उत्तर, जे आता विद्यार्थीच देतात: एआयला सांगू, तो बदलून देईल. देतो. मीही रोज वापरतो. माझी हरकत एवढीच की तो तिसरा ढीग वेगळा काढून ठेवत नाही. पहिल्या ढिगातलं आणि तिसऱ्या ढिगातलं तो सारख्याच आत्मविश्वासाने बदलतो. त्याने केलेला फरक वाचायला, त्याच्या आधी टेस्ट लिहायला तोच माणूस लागतो, जो आपण तयार करत नाही आहोत. हे प्रॅक्टिकल तीन वर्षांपूर्वी उपयोगाचं होतं, आता अडीचपट उपयोगाचं आहे. आकडा माझ्या मनाचा आहे, हे कबूल.

शिक्षकांचं प्रशिक्षण हा खरा अडथळा आहे, आणि तो मी तुमच्या माथी मारून मोकळा होणार नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला तीन कॉलेजं करून घरी जायचं असतं. त्याला 'रोप शिकून घ्या' असं परिपत्रक पाठवणं क्रूरपणा आहे. त्यापेक्षा एक तयार संच द्या: प्रोग्राम, त्यात मुद्दाम ठेवलेल्या फसव्या जागांची यादी फक्त शिक्षकांसाठी, आणि कोणत्या टूलला कोणती जागा सापडते, कोणती नाही, याचा तक्ता. असा संच बनवायला उद्योगातली माणसं लागतील. ती आहेत. शनिवारी सुट्टी असते त्यांना.

सुरुवात म्हणून माझ्याकडचा एक प्रोग्राम देतो. काटा-पावतीचा, साधारण चौदाशे ओळींचा, कारखान्याची परवानगी घेऊन, सगळी नावं, गट नंबर आणि वजनं बदलून. त्यात नेटवर्कवालं 'नेट' आहे आणि वजनवालंही आहे. टेस्ट एकही नाही. एक फंक्शन दोनशे दहा ओळींचं आहे, ते मी लिहिलेलं नाही, पण त्याला वाढवलंय मी. ज्या कॉलेजला पहिल्यांदा करून बघायचं असेल त्यांच्या लॅबमध्ये तीन शनिवार येऊन बसायचीही माझी तयारी आहे. मानधन नको, प्रोजेक्टर चालू असला म्हणजे झालं.

दुरुस्ती फक्त एक केलेली नाही. डेटाबेसमधली ती ३९वी जागा जशीच्या तशी ठेवली आहे.

कळावे,

आपला,
पुण्यातला एक पायथन प्रोग्रामर